फक्कीच्या पलीकडे समुद्र

बशीर उस्तादांवर अन्याय झाला. यंदा भोगीच्या सकाळी झाला, घराघरांत तीळ लावलेली बाजरीची भाकरी तव्यावर असताना. उस्ताद त्या वेळी नगरच्या दवाखान्यात छातीला तारा चिकटवून उताणे पडले होते, आणि इकडे आमच्या खडकमाळात त्यांच्या मैदानाभोवती जेसीबी चर खोदत होता. हे सगळ्यांत आधी लिहून टाकते, कारण गावात आता भलतंच ऐकू येतं. म्हणे ओढ्याचं पाणी वळवायचं होतं. म्हणे उस्तादांना कल्पना दिली होती. ओढा तिथून कुठच्या कुठे आहे! आणि उस्तादांना कुणी कसलीही कल्पना दिली नव्हती.

आता उस्ताद नाहीत. फाल्गुनात गेले. त्यामुळे त्यांच्याविषयी चांगलं बोलायला अख्खं गाव तयार आहे. चौकात फ्लेक्स लागला, वर उस्तादांचा फोटो, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली', आणि त्याच्याखाली ज्यांनी जेसीबी पाठवला त्यांचेही हात जोडलेले चेहरे. तो फ्लेक्स पाहिला आणि माझं डोकं फिरलं. मी पत्रकं लिहिणारी मुलगी. एक कागद, दोन्ही बाजू, ठळक अक्षर, संपलं. पण हा माणूस एका कागदात मावेना. म्हणून हे लांबण.

उस्ताद दिसायला फौजी वगैरे वाटायचे नाहीत. बुटके, सावळे, पोट किंचित पुढे, खांद्यावर टॉवेल. मात्र त्या टॉवेलाला इस्त्री! घडी सुरीसारखी. गळ्यात हिरव्या बुटाच्या नाडीला अडकवलेली शिट्टी, ती त्यांनी पुतण्याच्या लग्नात नव्या कोऱ्या शेरवानीवरसुद्धा घातली होती. जैतूनभाबी, म्हणजे त्यांची बायको, चारचौघांत म्हणाली, "आजचा दिस तरी काढा वो ती!" तर म्हणाले, "गरज पडली तर?" आणि पडली! वरातीत डीजेवाल्यानं आवाज इतका चढवला की म्हातारी माणसं कानावर हात ठेवून बसली. उस्तादांनी एकदाच शिट्टी मारली. डीजेवाला पोरगा गडबडून ताठ उभा राहिला आणि मशीन बंद. तो त्यांच्याच हाताखालून गेलेला निघाला.

नौदलात त्यांनी उभी हयात घालवली, आणि त्यातली बरीचशी एका बेटावर. पूर्वेच्या किनाऱ्याजवळचं बेट, जिथे देशभरातून नवे रंगरूट येतात आणि घाम गाळून खलाशी होऊन बाहेर पडतात. उस्ताद तिथे आधी रंगरूट होते, मग तिथलेच उस्ताद झाले. फौजेत शिकवणाऱ्याला उस्तादच म्हणतात, गावानंही तेच नाव ठेवलं. बेटाचं नाव मात्र ते कधी घ्यायचे नाहीत. "नाव कशाला? बेट म्हंजी बेट."

बेटाची पहिली गोष्ट ते नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगायचे, आणि दर वेळी स्वतःच आधी हसायचे. त्यांचे वडील आमच्याकडच्या बेलापूरच्या बाजारात पत्र्याच्या पेट्या बनवायचे. वडिलांनी बनवलेली पेटी डोक्यावर घेऊन हे पोरगं गाडीतून उतरलं, होडीत बसलं, आणि जन्मात पहिल्यांदा समुद्र बघितला.

"पोरांनो, मी गार पडलो. एवढं पानी! मी तिथल्या उस्तादाला इचारलं, साहेब, हे कोनाचं धरन हाय?"

पोरं खिदळायला लागली की हात वर करून थांबवायचे.

"थांबा, पुढं हाय. मी इचारलं, आन् ह्याचं आवर्तन कवा सुटतं?"

कालव्याला पाणी कधी सोडतात, हा आमच्याकडे जगण्यामरण्याचा प्रश्न. तिथला उस्ताद केरळचा. त्याला काही कळेना. साताऱ्याच्या एका पोरानं त्याला हिंदीत समजावून सांगितलं, तेव्हा तो माणूस आधी जमिनीवर बसला आणि मग हसला. पुढे दिवसभर या नगरी पठ्ठ्याच्या हातात बादली दिली. समुद्रातून भरायची, परेडच्या मैदानाच्या कडेला ओतायची. "सोड तुझं आवर्तन!" संध्याकाळपर्यंत हात गळून पडले.

"मंग मी काय शिकलो?" उस्ताद विचारायचे.

पोरं म्हणायची, "येड्यासारखं इचारायचं न्हाई!"

"चूक! म्या इचारलं म्हनून समद्या बराकीला माझं नाव पैल्या दिशी पाठ झालं. येड्यासारखं इचारा. फक्त मंग बादली उचलायची तयारी ठिवा."

निवृत्त होऊन गावी आले तेव्हा त्यांनी ना घर बांधलं ना दुकान टाकलं. गावाच्या उत्तरेला गायरान आहे, सगळा मुरूम आणि बाभळी. भोवताली जिकडे बघाल तिकडे ऊस, आणि मधे हा करडा तुकडा. तिथले दगड त्यांनी एकट्यानं वेचायला घेतले. मग एक-दोन पोरं आली, मग पोरी. मग आसपासच्या वाड्यावस्त्यांवरून सायकली यायला लागल्या. पोलीस, सैन्य, नौदल, कुठल्याही भरतीची तयारी. फी नाही. 'भरती' आणि 'ओहोटी' यांवरचा तो ठरलेला विनोद मात्र तिथे कुणी करायचा नाही. करणाऱ्याला लगेच दंड काढायला लागायचे.

मैदान तयार झालं आणि उस्तादांनी त्याच्याभोवती फक्कीची रेघ मारली. फक्की म्हणजे मैदानावर खुणा करायची ती पांढरी भुकटी. तळाला भोकं पाडलेला डालड्याचा जुना डबा हातात, आणि माणूस वाकून मागे मागे चालतोय. पुढे तोंड करून त्यांनी कधी रेघ मारली नाही. "पुढं काय बघायचं? मारलेली रेघ बघायची. वाकडी झाली तर तवाच कळती."

मग नियम सांगितला. रेघेच्या आत बेट. रेघेच्या बाहेर समुद्र. शिट्टीशिवाय समुद्रात पाऊल टाकलं तो बुडाला, त्या दिवशी घरी जायचं.

तुम्हांला हा पोरखेळ वाटेल. मलाही वाटला होता! पण ते मैदान बघायला हवं होतं. पोरगं लघवीला निघालं की ताठ उभं राहून विचारायचं, "उस्ताद, समुद्रात जाऊ?" मोबाईल सगळे रेघेबाहेर एका पत्र्याच्या पेटीत. हो, वडिलांनी बनवलेली तीच पेटी. तिच्यात बारा मोबाईल एकदम कोकलले तरी कुणी मान वळवायचं नाही. गुराख्याची शेळी बिनधास्त आत यायची, तेव्हा उस्ताद म्हणायचे, "तिला पवता येतं." एकदा एका पोराची आई डबा घेऊन आली आणि रेघेच्या बरोबर बाहेर उभी राहिली. उस्ताद लगबगीनं गेले आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "वैनी, तुमी पान्यात उभ्या हाय. आत तरी या, न्हाईतर घरी तरी जा." ती बाई चपला हातात घेऊन आत आली! खरंच आली, पदर सावरत, जणू पाय ओले होतील.

आणि एक रिवाज. जो पोरगा किंवा पोरगी कुठेही भरती होईल, त्यानं पहिल्या सुट्टीत घरी जायच्या आधी मैदानावर यायचं. पाठीवर बॅग तशीच. उस्ताद त्याच्या हातात मूठभर फक्की देणार आणि तो रेघेचा एक तुकडा नव्यानं मारणार. आया एसटी स्टँडवर वाट बघत बसायच्या आणि लेक आधी गायरानावर! एकीनं भांडण काढलं तर उस्ताद म्हणाले, "बेटावर कासवं येत्यात, वैनी. जिथं जल्मली त्याच किनाऱ्याला परत येत्यात अंडी घालाया. त्यास्नी कोन पत्ता सांगतं का?" ती म्हणाली, "माझं पोरगं काय कासव हाय व्हय?" उस्ताद म्हणाले, "पळायला हुतंच."

मोनालीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण पुढे ती लागणार आहे. मोनाली गावातल्याच एका शेतकऱ्याची मुलगी. नौदलात जायचं म्हणाली. उस्ताद म्हणाले, पोहता येतं का? नाही. गावातल्या किती मुलींना येतं? एकीलाही नाही! पोरगे विहिरींत उड्या मारून मारून शिकतात, पोरी काठावर धुणं धुतात. उस्तादांनी मोनालीच्या वडिलांची विहीर मागितली. तिच्या पाठीला आधी रिकामा डबा बांधला, जसा पोहायला शिकताना बांधतात तसा. काठावर बायकांची ही गर्दी. "उस्ताद, म्हातारपनी येड लागलं का?" "पोरगी वल्या कपड्यात, लोकं काय म्हनतील?" काही दिवसांनी उस्तादांनी डबा सोडला. तेव्हा मोनालीची आई धावत आली आणि तिनं त्यांचा दंडच धरला.

"उस्ताद, पोरगी बुडाली म्हंजी?"

"बुडाली तर मी हाय ना हितं. न शिकता बुडाली, तर तवा कोन हाय?"

आईनं दंड सोडला. पोरगी बुडाली नाही. दोन घोट पाणी प्यायली, शिव्या देत वर आली आणि पोहली! आणि मग काय झालं माहीत आहे? पुढच्या रविवारी आईच पदर खोचून काठावर आली आणि म्हणाली, "मलाबी डबा बांधा."

माझं आणि उस्तादांचं कसं जमलं तेवढं दोन ओळींत. पोलीस भरतीत माझी उंची कमी पडली. मी मैदानावर येऊन रडले, तर म्हणाले, "उंची कमी पडली. आवाज कमी पडला का? मंग जा की." त्यानंतर मी पत्रकं काढायला लागले, आणि माझं प्रत्येक पत्रक ते घडी उलगडून उभ्या उभ्या वाचायचे. मला हाकच होती, "ए पत्रकवाली!"

एकदा म्हणाले, "तुझं पत्रक वाचून कोनी हालत का न्हाई, सांगू? परेडचा हुकूम दोन तुकड्यांचा असतो. पैला तुकडा मानसाला जागं करायचा. मंग थांबायचं. एक श्वास. मंग दुसरा तुकडा, त्यो खरा हुकूम. तुझ्या पत्रकात समदा हुकूमच हुकूम. मानूस अजून झोपेत हाय आन् तू त्याला पळ म्हनती."

मला राग आला. लई राग आला! पण कागदावर लिहून ठेवलं.

आता अन्यायाकडे येते. शेजारच्या गावात एकानं करिअर अकॅडमी काढली. हॉस्टेल, मेस, फी, भिंतभर फोटो. त्याला इकडे शाखा काढायची होती आणि आयतं मैदान दिसलं. आधी तो उस्तादांकडेच आला, पांढऱ्या गाडीतून. म्हणाला, "उस्ताद, तुम्ही आमचे मुख्य प्रशिक्षक व्हा. तुमचा फोटो कोल्हारपासून श्रीरामपूरपर्यंत लावतो." उस्तादांनी त्याला गुळाचा चहा पाजला आणि म्हणाले, "माज्या फोटूला पळता येत न्हाई, साहेब. आन् मला फी मागता येत न्हाई. आपलं दोघांचं जमायचं कसं?"

तो हसत गेला. सरपंचांकडे गेला. मैदान अकॅडमीला वापरायला द्यायचा ठराव ग्रामसभेत झाला. कोणत्या ग्रामसभेत? नीट वाचा, कारण चोरी इथे आहे. ग्रामसभेला कोरम लागतो. आपल्याएवढ्या गावाला शंभर माणसं. तेवढी जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला कोरम लागत नाही! म्हणजे पहिल्या सभेला तुम्ही घरी बसलात की दुसऱ्या सभेला तुमची गरजच उरत नाही. चार खुर्च्या, एक रजिस्टर, झाला गावाचा ठराव. आपण हिवरे बाजारला सहली नेतो, तिथली ग्रामसभा बघून 'वा वा' करतो, आणि परत येऊन आपल्या सभेच्या दिवशी टीव्ही लावतो!

भोगीच्या पहाटे उस्ताद छातीत दुखतं म्हणून भाबींना घेऊन एसटीनं नगरला गेले. जाताना मैदानावर थांबले आणि मोनालीच्या हातात शिट्टी दिली. "मी येईस्तवर बेट तुझ्या ताब्यात. फक्की कोनी वलांडायची न्हाई."

मी त्या सकाळी कोल्हारला छपाईच्या दुकानात होते. पुढचं मोनालीनं आणि गणेशनं सांगितलेलं. गणेश म्हणजे मैदानावरचा सगळ्यांत हळू पळणारा आणि सगळ्यांत जास्त बोलणारा.

जेसीबी आला. ड्रायव्हर म्हणाला, "पोरांनो, मैदान मोकळं करा." मोनाली म्हणाली, "परवानगी न्हाई." त्यानं डोकं खाजवलं, फोन लावला. पलीकडून सांगितलं असावं की पोरं राहू दे, भोवतीनं कुंपणाच्या भिंतीचा पाया खोद. त्यानं फक्कीच्या बाहेरून चर धरला.

गणेश म्हणाला, "मोनाली, चर खांदतोय त्यो."

"फक्कीच्या आत का भायेर?"

"भायेर."

"मंग समुद्र हाय. तू दंड काढ."

आणि पोरं दंड काढत राहिली! पाठीमागे दात आपटत मशीन फिरतंय, मुरमाचे ढीग उठतायत, रस्त्याकडची बाजू बंद झाली, बाभळीकडची झाली, आणि एकाही पोरानं रेघ ओलांडली नाही. नुसतं एक पोरगं आडवं उभं राहिलं असतं तरी काम थांबलं असतं. त्या ड्रायव्हरनंच मला नंतर सांगितलं, "ताई, मला बी बरं वाटत नव्हतं. एक पोरगं मधी आलं असतं तर मशिन बंद करून निघून गेलो असतो. पर ती तर माझ्याकडं बघंनात बी!"

दुपारी आया चराच्या पलीकडे गोळा झाल्या, भोगीची भाजी आणि भाकरी फडक्यात बांधून. फडकी आत फेकली. भुकेली पोरं त्या गाठोड्यांकडे बघत उभी. समुद्रातून आलेलं घ्यायचं की नाही, हुकूम काय? मोनालीनं विचार केला आणि निकाल दिला, "लाटंनं आलेलं घेता येतं." मग तुटून पडली.

उस्ताद आले तेव्हा उन्हं कलली होती. मीही पोचले होते. मुरमाच्या ढिगावर चढून त्यांनी बघितलं. चारी बाजूंनी चर, मधे मैदान, मैदानावर पोरं विश्राममध्ये उभी, हात पाठीशी, छाती पुढे, ओठांवर तीळ. खरोखरीचं बेट!

उस्ताद हसायला लागले. इतके हसले की छाती धरली. भाबी ओरडली, "आवो, डाक्टरनं काय सांगितलं?" ते डोळे पुसत म्हणाले, "जैतून, बघ तरी! आख्ख्या नौदलात असली तुकडी झाली नसंल." आणि मग हसणं एकदम थांबलं. ढिगावरच बसले. मोनाली पलीकडून म्हणाली, "उस्ताद, आमचं काय चुकलं का?"

"तुमचं न्हाई. माझं." टॉवेलनं तोंड पुसलं. पहिल्यांदाच त्या टॉवेलाची घडी मोडलेली मी बघितली. "बेटावर दोन गोष्टी शिकवत्यात. पैल्या दिशी शिकवत्यात, रेघ सोडायची न्हाई. आन् शेवटच्या दिशी परेडला जमिनीवर एक रेघ असती, अंतिम पग. ती वलांडली की रंगरूट संपला, आता तुझं काम भायेर. मी पैलाच धडा गिरवीत बसलो. शेवटचा शिकिवलाच न्हाई."

मग ते त्या चरात उतरले. दवाखान्यातून आलेला माणूस! मी 'नको नको' म्हणतेय, भाबी शिव्या घालतेय. गणेशनं आणि मोनालीनं वर ओढून घेतलं. त्यांनी शिट्टी मागून घेतली, तुकडी फक्कीवर उभी केली आणि हुकूम दिला. पहिला तुकडा, "परेड..." मग श्वास. वारासुद्धा थांबल्यासारखा वाटला. "धीरे चल!"

एकेक पाऊल फक्कीच्या पलीकडे पडलं. कितीतरी पोरांनी ती रेघ शिट्टीशिवाय स्वप्नातही ओलांडली नसेल. गणेश रडत होता आणि रडत रडत बडबडत होता. पोरं चरात उतरली, मुरमावरून घसरली, वर चढली, पुन्हा ओळीत लागली, आणि तुकडी संथ चालीनं गावात शिरली. दारादारांतून माणसं बाहेर आली. तुकडी थेट ग्रामपंचायतीसमोर. तिला कुलूप.

सरपंच घरून आले. आमच्याकडे सगळे त्यांना अण्णा म्हणतात. "उस्ताद, आजारी मानूस तुमी, कशाला त्रास करून घेता? ठराव रीतसर हाय."

"किती मानसं हुती, अन्ना?"

"तहकूब सभेला कोरम लागत न्हाई."

"म्हंजी गाव नसलं तरी गावाचा ठराव व्हतो?"

"कायदाच तसा हाय."

"मंग गाव घेऊन येतो."

अण्णा हसले. "या की. शंभर मानसं बसवा, रद्द करू. फक्त ह्या पोरांची नावं मतदार यादीत न्हाईत बरं का, यास्नी मोजू नका."

दुसऱ्या दिवशी संक्रांत. आम्ही घरोघर गेलो. तिळगूळ द्यायचा आणि म्हणायचं, "गोड नका बोलू, सव्वीस जानेवारीला सभेला या." सगळ्यांनी तिळगूळ घेतला. सगळे म्हणाले, येतो!

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं. उस्तादांच्या पोरांनी असं संचलन केलं की टाळ्या थांबेनात. मग सभा सुरू व्हायच्या वेळेला चौकातून निरोप आला, गरम जिलबी आहे, फुकट आहे. कुणी ठेवली होती? पांढरी गाडी तिथेच उभी होती, ओळखा! ग्रामपंचायतीपुढच्या मंडपातून माणसं उठायला लागली. 'आलोच' म्हणून उठली. मोजणी झाली तेव्हा दहा-बारा माणसंच कमी पडत होती. उस्ताद म्हणाले, "थांबा, आनतो," आणि चौकात गेले. मी मागोमाग. त्यांनी शिट्टी ओठाला लावली आणि मारली.

कुणी हाललं नाही. एक जण द्रोण पुढे करून म्हणाला, "उस्ताद, जिलबी घ्या की."

आयुष्यभर त्या शिट्टीनं पोरं उठली, डीजे थांबला. आपण उठलो नाही. तो द्रोण पुढे करणारा माझा सख्खा काका होता, म्हणून मी 'आपण' लिहिते आहे. परत येईपर्यंत ग्रामसेवकांनी लिहून टाकलं होतं, कोरमअभावी तहकूब. तहकूब सभा मग त्यांच्या सोयीनं कधी उरकली, आम्हांला कळलंसुद्धा नाही. मी भांडभांड भांडले, तेव्हा ठराव रद्द करण्याचा विषय एक मेच्या सभेवर ढकलला. तोवर बांधकाम थांबलंय, चर तसाच आहे.

उस्ताद मंडपातून थेट घरी गेले. मला वाटलं, खचले.

फाल्गुनातली सकाळ. मी स्कूटीवरून श्रीरामपूरला निघाले होते. गायरानाच्या वळणावर बघते तर चरावर दोन फळ्या टाकलेल्या आणि उस्ताद डालड्याचा डबा घेऊन, वाकून, मागे मागे चालत फळीवरून येतायत! मैदानाच्या रेघेतून दोन समांतर रेघा बाहेर काढलेल्या, चर ओलांडून रस्त्यावर. पाठ गावाकडे, तोंड बेटाकडे.

"उस्ताद, ही कसली रेघ?"

"जेटी. बेटाला जेटी लागती. न्हाईतर नुसतं अडकून पडल्यागत व्हतं."

"कुठपर्यंत नेताय?"

"गाव बसतं तिथपर्यंत. मंडपापर्यंत."

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?"

"पळू नको म्हनलाय." डबा हलवून फक्की सारखी केली. "मागं चालू नको असं म्हनलेला न्हाई. ए पत्रकवाली, बाजूला हो, तू पान्यात उभी हाय."

मी स्कूटी बाजूला घेतली. ते मागे मागे गावाकडे जात राहिले, टॉवेलाची घडी पुन्हा सुरीसारखी, आणि ओढलेल्या रेघेवरून नजर हटत नव्हती. तेच शेवटचं बघणं. त्याच आठवड्यात ते गेले.

रेघा पिठाच्या गिरणीपर्यंत पोचल्या आहेत. तिथे फक्की संपली असेल, किंवा दम. पुढचं पोरं पूर्ण करणार होती, मोनालीनं अडवलं. म्हणाली, "आपली नावं यादीत न्हाईत. पुढची रेघ ज्यांची हायेत त्यांनी मारायची." तेव्हापासून पोरं रोज गिरणीपर्यंतची रेघ उजळतात आणि तिथे थांबतात. तुम्ही दळण घेऊन येताजाता ती ओलांडता. मी बघते.

तर आता हुकूम, उस्तादांच्या पद्धतीनं, दोन तुकड्यांत. तुम्ही दुसऱ्या गावचे असाल तर तुमच्या गावची ग्रामसभाही त्याच दिवशी असते, आणि तिथेही कुणाचं तरी मैदान असणारच. तुमच्यासाठीही हाच.

खडकमाळच्या मतदारांनो...

श्वास घ्या.

एक मेला मूठभर फक्की घेऊन गिरणीपाशी या, मंडपापर्यंत रेघ मारा, आत बसा, आणि मोजणी होईपर्यंत जिलबीचा बाप आला तरी उठू नका!